खंडाळ्याचा घाट, सहा बाय चार

गेल्या वर्षी सप्टेंबरात माझी झोप गेली. शनिवार पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात मी बावीस वर्षं काम करते आहे. टॅक्स ऑडिटचा मोसम, दर महिन्याची जीएसटीची 20 तारीख, शेवटच्या दिवशी पिशवी भरून कागद आणणारे क्लायंट, हे काही मला नवीन नव्हतं. पण पहाटे तीनला जाग यायची आणि डोक्यात कुणाच्या तरी ताळेबंदातला न जुळणारा आकडा फिरत राहायचा. रक्तदाब वाढला, गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "हातांना काही काम द्या. फोन बाजूला ठेवूनच करता येईल असं."

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन कोथरूडमधलं जोशींचं लघु रेल्वेचं संग्रहालय बघायला गेले. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जमवलेलं, बनवलेलं हे काम 1 एप्रिल 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. छोटं शहर, सिग्नल, सर्कस, आणि मधूनमधून धावणाऱ्या गाड्या. दिवे मंद झाले, छोट्या घरांमधून उजेड आला आणि अंधारातून एक गाडी वळणावर हळूहळू दिसेनाशी झाली. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की अर्धा तास मी ऑफिसचा विचारच केला नव्हता. किती महिन्यांनी, ते मोजताही येईना.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. लहानपण लोणावळ्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. कर्जतहून घाट चढून आलेल्या गाडीमागची बँकर, म्हणजे चढावर मागून रेटा देणारी, इंजिनं लोणावळ्यात सुटायची, तो आवाज ऐकून आम्ही वेळ ओळखायचो. बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि माझ्याकडेच असतात. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, त्याची खोली रिकामी होती. त्यांना म्हटलं, "बाबा, इथे आपला घाट करायचा का?" त्यांनी पेपर खाली ठेवला.

एचओ मापाचा एक सुरुवातीचा संच मागवला. एक डिझेल इंजिन, तीन डबे, रुळांचं वर्तुळ आणि कंट्रोलर. एचओ म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. याहून लहान एन माप असतं, 160 पट. जागा कमी लागते, पण माझ्या चष्म्याला ते झेपलं नसतं. बाबांनी रुळांना पट्टी लावली. साडेसोळा मिलिमीटर. मग कागदावर भागाकार केला आणि म्हणाले, "ही आपली ब्रॉडगेज नाही. 1676 ला 87 नं भागलं तर सव्वाएकोणीस येतात." बरोबर होतं. साडेसोळा मिलिमीटर म्हणजे युरोप-अमेरिकेतली 1435 ची रुळांची रुंदी. आपल्या रुंदीचे रूळ तयार मिळत नाहीत, ते हातानं करावे लागतात. पहिल्याच प्रयत्नात तेवढं जमणार नव्हतं. आम्ही दोघांनी ही चूक समजून-उमजून पत्करली.

टिंबर मार्केटमधून सहा बाय चार फुटांचा प्लाय आणला. कडेला लाकडी पट्ट्या मारल्या आणि सगळ्या बाजूंनी ऑइलपेंटचे दोन हात दिले. पुण्याची एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा यांत लाकूड हलतं आणि रूळ त्याच्याबरोबर हलतात. पट्टीनं मोजूनच पुढं जावं, हे मी तिथं शिकले.

मला खरा चढ हवा होता. खंडाळ्याच्या घाटातला चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढं गेल्यावर गाडी एक मीटर वर येते. वहीत हिशेब मांडला. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर खालून गाडी जायला सुमारे सात सेंटिमीटर उंची हवी. 7 गुणिले 37, म्हणजे 259 सेंटिमीटर नुसतं चढायला आणि तेवढंच उतरायला. एकूण पाच मीटरच्या वर. आणि माझ्या फळीवर, अठरा इंच त्रिज्येची वळणं धरून, अख्खा फेराच जेमतेम साडेचार मीटरचा. दोन संध्याकाळी मी तो आकडा खाली आणायचा प्रयत्न करत होते. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "रूळ वर कशाला नेतेस? दरी खाली ने."

त्या एका वाक्यानं सगळं सुटलं. रूळ सपाटच ठेवायचे, त्यांच्याखालची जमीन कापून काढायची. सुताराला बोलावून फळीचा एक कोपरा करवतीनं कापला, तो तुकडा पंधरा सेंटिमीटर खाली बसवला आणि मधल्या पोकळीवर पूल बांधला. चांगली फळी कापताना माझ्या पोटात गोळा आला होता. पण पुलावरून पहिला डबा हातानं ढकलला, तेव्हा समोर घाट दिसला.

मग विजेचं काम आलं. खरं सांगायचं तर माझी झोप परत आणली ती त्या कामानं. इंजिन बारा व्होल्टच्या डीसी करंटवर चालतं, तो रुळांतून चाकांमार्फत मोटरला मिळतो. कंट्रोलरजवळ गाडी झकास चालायची आणि पलीकडच्या वळणावर दम टाकायची. मल्टिमीटर लावला तर तिथंही बारा दाखवायचा. चार दिवस कळेना. शेवटी इंजिन रुळावर ठेवून, ते चालू असताना मोजलं, तर आकडा आठवर आलेला. ओझं नसताना व्होल्टेज पुरेसं दिसतं. मोटर करंट ओढायला लागली की प्रत्येक सैल जोड थोडं थोडं खातो. रूळ जोडणाऱ्या त्या छोट्या पट्ट्यांना बाबा फिशप्लेटच म्हणतात. त्यांच्यावर भिस्त ठेवून चालणार नव्हतं. फळीखालून दोन जाड वायरी फिरवायच्या आणि दर तीन फुटांवर त्यातून रुळाला बारीक वायर डाखायची, हा उपाय.

तपकीर गल्लीतून पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि वायर घेतली. दुकानदार म्हणाले, "ताई, आधी वायरला वेगळा डाख पाजा, रुळाला वेगळा, मग दोन्ही टेकवा. नाहीतर खालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वितळतील." शिवाय जोडाच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवते, उष्णता तो शोषून घेतो. पहिले तीन जोड वाकडे आले, ते सोडवून परत केले. रोज रात्री जेवणं झाल्यावर पाऊण तास, दोन जोड, बास. टोक तापलेलं असताना मनात दुसरं काही आणता येत नाही. आणि ऑफिसातला दोष दहा माणसांच्या हातात विखुरलेला असतो, इथला मात्र कुठल्या तरी एका जोडात असतो. तो सापडतो आणि दुरुस्त होतो. याचं मला फार अप्रूप वाटलं, अजूनही वाटतं.

खडी घालताना एक नुकसान झालं. खऱ्या रुळांखालची खडी पासष्ट मिलिमीटरपर्यंत असते, 87 नं भागली की जाड रव्याएवढी. वाळू धुऊन, वाळवून, दोन चाळण्यांतून चाळून नेमकी तेवढी काढली. पसरली, पाण्याचा फवारा मारला आणि पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरनं सोडलं. साबणामुळे गोंद खडीत शिरतो, वर थेंब बनून राहत नाही. पण एका सांध्याच्या, म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जागेच्या, सरकत्या पात्यांमध्येही तो गेला आणि सकाळी सांधा दगडासारखा घट्ट. तो उखडून टाकावा लागला. आता सांध्याभोवती खडी कोरडीच, कुंचल्यानं बेतानं घालते आणि पात्यांना आधी तेलाचं बोट लावते.

डोंगर मात्र मला येत होते. लहानपणी दिवाळीत गोणपाट चिखलात भिजवून किल्ला केलेला प्रत्येक जण हे करू शकेल. वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेली बाबांच्या जुन्या धोतराची फडकी. चुरगळलेल्या फॉइलमध्ये प्लास्टर ओतलं की खडक निघतात. फक्त ते परदेशी डोंगरांसारखे अणकुचीदार दिसत होते. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनी बनलाय, त्याला आडव्या पायऱ्या आहेत. मी सुरीनं आडव्या रेघा ओढल्या, काळपट करडा रंग दिला, पायऱ्यांवर हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवला. बाबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "मंकी हिलच्या खालचं आहे हे."

त्याच दिवसांत या घाटाबद्दल वाचत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथं आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढचं काम त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, अंगावर घेतलं आणि इंजिनिअरांच्या मदतीनं तडीस नेलं. 21 एप्रिल 1863 ला घाट सुरू झाला. हजारो मजुरांचा तिथं जीव गेला. लहानपणापासून त्या बोगद्यांतून गेले, पण हे नाव मला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी मी आता हळूच चालवते. ताशी तीस किलोमीटर या मापात आणायचं तर सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्याला पाऊण मिनिट लागतं. भरधाव इंजिन वाईट जोडावरूनही निघून जातं, हळू चालणारं तिथंच अडखळतं. आठवड्यातून एकदा रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसते, पावसाळ्यात दोनदा. गोळी चालू आहे. पण पहाटे तीनला जाग येणं थांबलं आहे, आणि 20 तारखेच्या रात्री मी घरी आल्यावर आधी त्या खोलीत जाते.

नवीन कुणाला सुरू करायचं असेल तर एकच संच घ्या, एकच फेरा करा, तो हळू चालवून बघा. दुसरं इंजिन मी नऊ महिन्यांनी घेतलं, बँकर म्हणून मागे लावायला. दोन्हींचा वेग जुळत नव्हता. मागचं जास्त रेटायचं आणि पुलावर डबा उचकटायचा, म्हणून मागे तेच लावते जे किंचित हळू आहे.

आता बाबांना कॅच साइडिंग हवंय. घाट उतरताना ब्रेक लागले नाहीत तर गाडी वळवून चढावर चढवायची, म्हणजे ती तिथं थांबते. "त्याच्याशिवाय घाट पुरा होत नाही," असं ते रोज म्हणतात. फळीच्या डाव्या कडेला खडूनं आखून ठेवलंय. डावीकडे वळणारा सांधा मागवलाय, तो यायचा आहे.