तुम्ही विचारलंत म्हणून : चिकोरी ही भेसळच ना?

गल्ल्यावर हा प्रश्न रोजचा. गिऱ्हाईक पावशेर कॉफी पावडर मागतं, मी सवयीने "चिकोरी किती टाकू?" म्हणतो, आणि समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, "अहो, पण ती भेसळच ना?" दूधवाल्यानेच पाणी किती घालू असं विचारावं, तसा त्यांचा चेहरा होतो. मागे रांग असते, ग्राइंडर घरघरत असतो, म्हणून मी "नाही हो" म्हणून मोकळा होतो. पण ते उत्तर अर्धंच आहे. उरलेलं इथे सांगतो.

चिकोरी म्हणजे एका निळ्या फुलांच्या झाडाचं मूळ. आपल्याकडे ते गुजरातेत जामनगरच्या बाजूला आणि उत्तर प्रदेशात एटा भागात पिकतं. मुळाचे काप करून वाळवतात, भाजतात, दळतात. त्यात इन्युलिन नावाचा पदार्थ असतो, भाजताना त्याची साखर होते आणि ती करपते. तो काळपट रंग आणि कडसर-गोड चव तिथून येते. नेपोलियनने 1806 मध्ये इंग्लंडशी व्यापार बंद केला, युरोपात कॉफी मिळेनाशी झाली आणि फ्रेंचांनी या मुळावर भागवलं. कॉफी परत आली तरी चिकोरी गेली नाही, तोंडाला बसली होती. मुंबईत लोण्यासाठी नाव गाजलेले पोलसन आधी कॉफीवालेच, आणि त्यांची 'फ्रेंच कॉफी' चिकोरी मिसळलेलीच असायची. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी 'अस्सल' म्हणून जी चव डोक्यात ठेवली, तिच्यात हे मूळ होतंच.

कायद्याचं म्हणाल तर मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी, चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते, आणि प्रमाण पाकिटावर छापावंच लागतं. छापलं, की ती भेसळ नाही. माझं भांडण आहे ते छापण्याच्या जागेशी. पाकिटाच्या पुढच्या बाजूला धुक्यातला मळा, लालचुटूक फळं, वाफाळता कप. आणि मागे, चष्मा लावूनही दिसेल न दिसेल अशा अक्षरात 53 : 47. म्हणजे पाकिटातला जवळजवळ अर्धा ऐवज चिकोरीचं मूळ, आणि ते कॉफीच्या बियांपेक्षा कितीतरी स्वस्त. 2025च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. ब्राझीलमध्ये पाऊस दगा देतो आणि दर आमच्या पेठेत चढतो, असा हा धंदा आहे. अशा वेळी पाकिटाची किंमत वाढवण्यापेक्षा मुळाचं प्रमाण वाढवणं सोपं असतं. गिऱ्हाईक किंमत बघतं, मागची बाजू कोण बघतो?

शंका असेल तर घरी बघा. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या, वरून चमचाभर पावडर भुरभुरा आणि ग्लास हलवू नका. कॉफी बराच वेळ वर तरंगत राहते. चिकोरीचे कण लगेच बुडायला लागतात, आणि बुडताना मागे तपकिरी रेघा सोडतात. आहे की नाही एवढं यातून कळतं, किती आहे ते नाही. इन्स्टंट पावडरवर हा प्रयोग करू नका, ती सगळीच विरघळते.

आता चिकोरीच्या बाजूने बोलतो, कारण मी ती विकतो. पितळी फिल्टरमध्ये निव्वळ कॉफी भरली तर पाणी भरभर खाली उतरतं आणि डिकॉक्शन, म्हणजे खाली उतरलेला कॉफीचा अर्क, पातळ येतं. चिकोरी पाणी धरून ठेवते, थेंब थेंब सोडते, खालच्या भांड्यात दाट काळं डिकॉक्शन जमतं. आपल्या घरांत कॉफी म्हणजे बहुतेक दूधच. अर्धा कप दुधात निव्वळ अरेबिका दिसेनाशी होते. "एकदम प्युअर द्या" म्हणून नेणारे पुष्कळजण पुढच्या खेपेला "रंगच येत नाही हो" म्हणत येतात. त्यांना मी वीस टक्के टाकून देतो, आणि विषय मिटतो.

पण खरा गोंधळ आहे तो झोपेचा. "चिकोरी नको, रात्री जाग येते." अहो, चिकोरीत कॅफिन नसतंच! झोप उडवते ती कॉफीची बी. आणि तीही कुठली, यावर बरंच अवलंबून आहे. अरेबिकाच्या बियांत साधारण 1.2 टक्के कॅफिन, रोबस्टा या दुसऱ्या जातीत 2.2च्या आसपास. हिशोब करा : दहा ग्रॅम निव्वळ अरेबिकात 120 मिलिग्रॅम. तीस टक्के चिकोरी घातलेल्या रोबस्टात बिया सातच ग्रॅम, पण कॅफिन 154. सगळंच कपात उतरत नाही, तरी कुठलं पारडं जड ते कळतं. आणि पाकिटावर कॉफीचा टक्का छापतात, पण आतली कॉफी अरेबिका की रोबस्टा, हे बऱ्याचदा कुठेच नसतं.

दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्याने पेंग येते. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, इतकंच. थकवा जात नाही, नुसता कळत नाही. घेतलेल्यापैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सहाच्या कॉफीतलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. गरोदरपणात हा वेळ खूप लांबतो. युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने निरोगी माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर बाईला 200 पर्यंत ठीक म्हटलंय. कुणी पोटुशी सून किंवा लेक घरी आहे म्हणालं, तर मी अरेबिकाच देतो, आणि चिकोरी जरा सढळ हाताने, अर्थात त्यांना सांगून. डॉक्टरांना विचारा, हेही सांगतो. पोट लगेच फुगणाऱ्यांना मात्र चिकोरी कमीच बरी, ते इन्युलिन काहींना गॅस करतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला : "मग तुम्ही स्वतः काय पिता?" सकाळी पीबेरी (फळात दोनाऐवजी एकच गोल बी भरते, ती) आणि थोडी रोबस्टा, वर वीस टक्के चिकोरी. संध्याकाळी पाहुणे आले की दुधात उकळलेली, जायफळ किसून घातलेली कॉफी, तिला चाळीस टक्के चिकोरीची पावडर. जायफळापुढे नाजूक अरेबिकाचा वास टिकत नाही, महागाच्या बिया तिथे कशाला घालवायच्या?

आणि पावसाळ्यात शंभर ग्रॅमच्या वर नेऊ नका. चिकोरी दमट हवा ओढून घेते, बरणीचं झाकण सैल राहिलं तर आठवड्यात पावडरचा दगड होतो. तसली बरणी घेऊन दुकानात आलात तर मी चहा पाजीन, पावडर बदलून देणार नाही.