सगळे देतात, तुम्हीच का नाही?

दादर पश्चिमेला माझं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. संध्याकाळी स्टेशनकडे निघालेली माणसं पोळ्या, पाव किलो भाजी आणि आमटी घ्यायला थांबतात, आणि त्यातलं कुणीतरी विचारतंच, "काकू, एक प्लास्टिकची पिशवी द्या ना. सगळे देतात. बंदी कुठे उरलीय आता?" काही जण पुढे जातात: कायदा फसलाच आहे, मग तुम्ही एकटीने पाळून काय होणार? रांग लागलेली असताना याचं उत्तर देत बसले तर मागच्या माणसाची लोकल चुकते. तुम्ही विचारलंत म्हणून इथे निवांत सांगते.

कायदा फसला, हे मला मान्य नाही. अर्धा फसला, आणि कुठला अर्धा ते बघण्यासारखं आहे.

राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली 23 मार्च 2018 ला. तीन महिन्यांची मुदत दिली, 23 जूनपासून अंमल सुरू झाला. प्लास्टिकच्या पिशव्या, ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि त्यांच्या जोडीला थर्माकोल. त्या वर्षी गणपती सप्टेंबरात होते आणि मखरवाल्यांचा माल आधीच भरलेला. ते उच्च न्यायालयात गेले, या वर्षापुरती सूट द्या म्हणाले. जुलैत न्यायालयाने नाही म्हटलं. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. वर्षभराची कमाई त्या दोन महिन्यांत व्हायची. पण आज सणाच्या आधी दादर-लालबागच्या बाजारात फिरून बघा. पुठ्ठ्याची, कापडाची, घडी घालून माळ्यावर ठेवता येणारी लाकडी मखरं मांडलेली असतात. पूर्वी विसर्जनानंतर चौपाटीवर आणि सोसायट्यांच्या फाटकांपाशी पांढऱ्या कमानींचा जो ढीग पडायचा, तो आता तसा दिसत नाही. म्हणजे त्याच कायद्याने, त्याच शहरात, काम केलंच की.

मखर लपवता येत नाही. ते दुकानाच्या बाहेर मांडावं लागतं, महिना-दीड महिनाच विकलं जातं, आणि घेणाऱ्यालाही शेजाऱ्यांच्या नजरेसमोरून घरी न्यावं लागतं. कॅरीबॅगचा गठ्ठा गोणपाटाखाली मावतो. पथक आलं की वर कागदी पिशव्या, पथक गेलं की खालून हात.

त्यात दंड. पहिल्यांदा सापडलात तर 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मोठ्या दुकानाला हे परवडतं. कोपऱ्यावर पालेभाजी घेऊन बसणाऱ्या बाईकडे पाच हजारांची पावती फाडायची म्हणजे तिची टोपली उचलण्यासारखंच आहे. तपासणाऱ्यालाही ते कळतं. मग त्याच्यापुढे दोनच वाटा: तिला बुडवायचं किंवा तिकडे बघायचंच नाही. बहुतेक वेळा काय होतं, ते रोज भाजी घेणाऱ्याला मी सांगायला नको.

खरं तर सरकारी मंडळी एका पिशवीमागे वीस वर्षं लागली आहेत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि नंतर गटारं कशाने तुंबली याचा शोध लागला तेव्हा पहिलं बोट पिशवीकडे गेलं. मिठी नदी कुणी अरुंद केली हे विचारण्यापेक्षा ते सोपं होतं. (पिशवी निर्दोष होती असं मी म्हणत नाही. ती एकटी नव्हती, एवढंच.) 2006 साली अविघटनशील कचऱ्याचा कायदा झाला, त्याच वर्षी 50 मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर बंदीचे नियम आले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हातात धरून 40 आणि 50 मधला फरक मला कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही, त्यामुळे वाद घालायला मात्र उत्तम. 2018 च्या अधिसूचनेतली मला आवडलेली गोष्ट ही, की कॅरीबॅगपुरता हा मायक्रॉनचा घोळच तिने काढून टाकला. जाड असो की पातळ, बंदी. केंद्राचा नियम आजही 120 मायक्रॉनच्या वरची पिशवी चालवून घेतो.

आता माझ्या मते सगळ्यात कामाचा मुद्दा. तो मला कुठल्या अधिसूचनेने शिकवला नाही, आमच्या गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याने शिकवला. तो वजनावर घेतो. पाण्याची बाटली घेतो, तेलाचा कॅन घेतो, धुतलेली दुधाची पिशवी घेतो. झबला पिशवी, म्हणजे भाजीवाल्याकडची पातळ कॅरीबॅग, घेत नाही, कारण पोतं भरलं तरी काट्यावर काही दिसत नाही आणि वर ती बरबटलेली असते. थर्माकोलकडे तर तो बघतही नाही. थर्माकोलमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असते. पोतंभर हवा कोण विकत घेणार? नाल्याच्या तोंडाशी काय अडकलंय ते पावसाळ्याआधी एकदा बघा. भंगारवाल्याने नाकारलेल्या मालाची यादीच तिथे पडलेली असते. त्याने घेतलेलं क्वचितच दिसतं.

गंमत अशी, की 2018 च्या अधिसूचनेत हे शहाणपण होतं. दुधाच्या पिशवीला बंदीतून वगळलं, पण अटी घातल्या: ती 50 मायक्रॉनहून जाड हवी, आणि परत घेण्याची किंमत, किमान 50 पैसे, तिच्यावर छापलेली हवी. पाण्याच्या बाटल्यांसाठीही अशीच एक-दोन रुपयांची सोय होती. पुढच्या वर्षी तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात दुधाच्या पिशवीची ही योजना लागू होणार असं सांगितलंसुद्धा. तुम्हाला दुधाच्या पिशवीचे 50 पैसे परत मिळाल्याचं आठवतंय? मला नाही. दंडाचं कलम पहिल्या दिवसापासून चाललं, त्याच्या बातम्या झाल्या, फोटो निघाले. परत घेण्याच्या कलमाला फोटो नव्हता.

हे आपल्याकडे जमत नाही असं म्हणाल, तर तामिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्याकडे बघा. पर्यटक दारूच्या बाटल्या रानात फेकतात आणि काचांनी हत्तींचे पाय कापतात, यावरून मद्रास उच्च न्यायालयाने तगादा लावला. 2022 पासून तिथे सरकारी दुकानात बाटलीमागे 10 रुपये जादा घेतात आणि रिकामी आणून दिली की परत देतात. बहुतेक बाटल्या परत येतात. पिणाऱ्याला एकाएकी निसर्गाचं प्रेम वाटू लागलं म्हणून नव्हे. त्याने टाकली तरी दुसरा कुणी उचलून दहा रुपये घेऊन जातो.

तेच मी माझ्या गल्ल्यावर करते. पोळ्या कागदात गुंडाळून, सुकी भाजी पुठ्ठ्याच्या खोक्यात. खरी अडचण आमटीची. "कागदी वाटीत द्या" म्हणतात लोक, पण ज्या कागदातून आमटी गळत नाही त्याच्या आत प्लास्टिकचा पापुद्रा असतो, हे लक्षात ठेवा. (2022 साली राज्याने तसल्या ताटल्या-पेल्यांनाही बंदीत घेतलं.) म्हणून आमटी स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, 100 रुपये अनामत ठेवून. डबा आणा, पैसे न्या. सुरुवातीला दोन-चार गिऱ्हाइकं तुटली. आता ऑफिसात जाताना सकाळी डबा ठेवून जाणारे आहेत, संध्याकाळी भरलेला उचलतात. डबे हरवतात, नाही असं नाही, पण हरवलेल्या डब्याचे पैसे माझ्याकडे असतात. माझ्यासारख्या हिशेबी बाईला हे बरं पडतं.

आणि हो, ती कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी, साडीच्या दुकानात मिळते ती. तीही प्लास्टिकच, पॉलिप्रॉपिलीन. एक टोक कापून काडी लावून बघा: सुती कापडाची राख होते, हिचा वितळून टणक मणी होतो. लोक ती घडी करून वर्षभर वापरत असतील तर माझं काही म्हणणं नाही. पण ती दाखवून "काकू, ही तर कापडी" असं मला सांगू नका.

आता तुम्हाला वाटेल, दुधाच्या पिशव्या परत न्यायच्या कुणी, केवढा खर्च. आमच्या गल्लीत पहाटे दुधाचा टेम्पो येतो. भरलेले क्रेट उतरवतो आणि कालचे रिकामे क्रेट मोजून चढवतो. रोज, पावसातसुद्धा. म्हणजे गाडी परत जातेच आहे, मोजणारा माणूसही आहे, आणि क्रेट रिकामे आहेत. कोपरा पूर्ण न कापता, नुसती चीर देऊन उघडलेली आणि धुऊन वाळवलेली पिशवी त्यात सहज जाईल. मी एकदा त्या टेम्पोवाल्याला विचारलं, एवढं मोजून का नेता रे? तो म्हणाला, "एक क्रेट कमी निघाला तर माझ्या पगारातून कापतात, काकू. पिशवीचं मला कुणी विचारत नाही." अधिसूचनेतल्या त्या 50 पैशांनी नेमकं हेच करायचं होतं, कुणीतरी विचारायचं. ते कलम आधी चालवा, मग माझ्या शेजारच्या भाजीवालीकडे पावतीपुस्तक घेऊन या.