तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या एसीत प्रोपेन का भरत नाही

"पर्यावरणाला चालणारा गॅस आहे ना, मग तोच भरा की!" एसी दुरुस्तीला गेलो की हे ऐकावं लागतं. मी नाही म्हणतो, आणि याला पृथ्वीचं सोयरसुतक नाही असा अर्थ निघतो. आहे, म्हणूनच नाही म्हणतो.

आकडे तुमच्याच बाजूचे आहेत. एसीत थंडाव्यासाठी भरतात त्यातला एक गॅस म्हणजे आर-४१०ए. तो एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आर-३२चा आकडा ६७५. प्रोपेनचा, म्हणजे आर-२९०चा, जेमतेम ३.

एकदा माझा सहकारी एका जुन्या एसीच्या नळीचा सांधा ज्योतीच्या टॉर्चने सोडवत होता. पाटीवर आर-२२, म्हणजे न पेटणारा जुना गॅस. आतला गॅस मशीनने काढून घेतलेला. पण आधीच्या कुणीतरी त्यात प्रोपेन भरला होता आणि पाटी तशीच ठेवली होती. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास देतात. एसीत भरायच्या शुद्ध प्रोपेनला तो नसतो. कॉम्प्रेसरच्या तेलात मुरलेला गॅस हळूहळू सुटत होता, आम्हाला पत्ता नाही. सांधा सुटताच भडका उडाला आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. मी तो नळाखाली धरला होता आणि तो सारखं विचारत होता, "पण आर-२२ पेटत नाही ना?"

त्यानंतर कित्येक वर्षं मी प्रोपेनचं नावही काढू देत नसे. आज तेवढा कडवा राहिलेलो नाही. पेटणाऱ्या आयसोब्युटेनवर घरगुती फ्रिज १९९३पासून चालताहेत. त्यात गॅस अगदी थोडा असतो. एसीला जास्त लागतो, पण २०२२च्या आंतरराष्ट्रीय मानकाने सुरक्षेच्या जादा अटींवर तेवढी मोकळीक दिली आहे. आणि दुसरे पर्याय तरी कुठे निर्धोक आहेत? आर-१२३४वायएफ हा असाच एक नवा गॅस, पण हवेत विघटित होऊन त्याचं ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिड होतं, ते पावसातून पाण्यात उतरतं आणि तिथेच राहतं. कार्बन डायऑक्साइडच एसीत भरावा, तर तो ३१ अंशांच्या वर द्रवरूपच होत नाही. त्याला प्रचंड दाबाची यंत्रणा लागते.

तेव्हा नवा एसी घेताना आर-२९०साठीच बनवलेला मिळाला तर जरूर घ्या. फक्त तो उघडणारा मेकॅनिक ते काम शिकलेला आहे का, हे आधी विचारा. असा माणूस मिळाला नाही तर? मग आज तरी मी आर-३२ सुचवतो, आणि सुचवताना ६७५ हा आकडा मला टोचत राहतो.