भोंगा, काटा आणि हलणारा ठिपका

आमच्या आईचं माहेर सोलापूरचं. गिरणीच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लावताना तिने पाहिलं आहे. रात्री लेकीचं दप्तर भरून झालं की मी एलिट डेंजरस हा अवकाशयान चालवायचा कॉम्प्युटर गेम उघडते. नव्या ताऱ्यापाशी पोचून स्कॅनरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं, की तो घुमणारा आवाज ऐकून आई आतून म्हणते, "झाला भोंगा. जा आता कामावर." जगभरचे खेळाडू त्याला हॉंक म्हणतात. आमच्याकडे भोंगाच.

मी २०१६ साली खेळायला लागले. तेव्हा महागडा स्कॅनर असला की एका भोंग्यात त्या ताऱ्याभोवतीचे सगळे ग्रह-उपग्रह नकाशावर यायचे, तेही चित्रांसकट. निळं, म्हणजे पृथ्वीसारखं, काही दिसलं तर थांबायचं, नाहीतर पुढच्या ताऱ्याकडे उडी. आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर, सॅजिटेरियस ए*, पृथ्वीपासून जवळपास २६,००० प्रकाशवर्षांवर. माझ्या 'चिमणी'ला (एस्प एक्सप्लोरर, जुनं पण प्रामाणिक यान) तिथे जायला साडेसातशेच्या वर उड्या लागल्या. खरं सांगते, त्यातल्या निम्म्या ठिकाणी मी दहा सेकंदसुद्धा टेकले नाही. मंडईत लांबूनच पाटी बघून पुढे सरकावं तसं.

पण निळं दिसलं, की जावं लागायचं. ग्रह दीड लाख प्रकाशसेकंद लांब असेल तर दहा-बारा मिनिटं नुसतं सरळ जाणं. तेवढ्यात मी कपड्यांच्या घड्या घालायचे. एकदा अशीच घडी घालता घालता मान वर केली, तर डावीकडून कड्यांचा एक प्रचंड वायुग्रह सरकत होता आणि कड्यांची सावली त्याच्या अंगावर पडली होती. मी त्याला बघायला निघालेच नव्हते. ज्याच्यासाठी निघाले होते तो ग्रह निघाला साधा पाण्याचा. नकाशावरच्या चित्रात पाण्याचा ग्रह आणि पृथ्वीसारखा ग्रह यांत गल्लत सहज व्हायची.

डिसेंबर २०१८ च्या अपडेटने हे सगळं उलटंपालटं केलं. आता भोंगा वाजला की फक्त किती गोळे आहेत ते कळतं. मग यान थांबवायचं, फुल स्पेक्ट्रम स्कॅनर उघडायचा आणि रेडिओचा काटा फिरवावा तसा खालच्या पट्टीवर काटा फिरवायचा. दगडी गोळे डावीकडे, वायुग्रह उजवीकडे. काटा जुळला की त्या निळ्या ठिपक्यावर झूम, आणि बसल्या जागेवरून ग्रहाची सगळी कुंडली हातात.

पहिले आठ दिवस मी यावर भाळले होते. काटा जुळवण्यात कसब आहे, आणि पूर्वी ज्या बर्फाळ उपग्रहांकडे मी ढुंकून पाहिलं नसतं, त्यांवर गायझर (जमिनीतून उसळणारे फवारे) आहेत हेही कळायला लागलं. मग एके दिवशी तेवीस गोळ्यांचा तारा लागला. एका वायुग्रहाभोवती अकरा उपग्रह, एकमेकांवर चढलेले, झूम केलं की भलताच हाती लागायचा. सातव्या बर्फाच्या गोळ्याला मी तोंडाने काहीतरी बोलले, ते लेकीने ऐकलं. तो विषय वेगळा.

जुनी मंडळी अजून म्हणतात की जुना स्कॅनर निदान पर्यायी म्हणून परत द्या. मला तो जसाच्या तसा नको. सगळं चित्र फुकट मिळालं तर काटा कोण फिरवेल? माझं दुखणं वेगळंच आहे. आता जायला कारण उरत नाही. नाही म्हणायला पृष्ठभागाचा नकाशा करण्यासाठी जवळ जाऊन प्रोब, म्हणजे छोटी शोधयंत्रं, सोडावे लागतात. ते काम आमची लेक करते. ठरावीक प्रोबमध्ये ग्रह झाकायचा असतो. ती कडेच्या किंचित बाहेर नेम धरते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने प्रोब वळून पाठीमागे पडतो. मजा येते, पण ग्रहाची सगळी माहिती आधीच हातात असते. पत्रिका, पगार, फोटो सगळं बघून झाल्यावर कांदेपोह्यांना गेल्यासारखं.

भोंग्याने नुसते करडे ठिपके आणि कक्षा दाखवाव्यात, एवढंच मी मागेन. पुढे ज्याला काटा फिरवायचाय त्याने फिरवावा, ज्याला उडत जायचंय त्याने जावं, आणि जाणाऱ्याला चार क्रेडिट (खेळातले पैसे) जास्त द्यावेत.

हे लिहिता लिहिता आठवलं, की त्या भोंग्यानेही कोणाचं तरी कसब खाल्लं होतंच. माझ्या पहिल्या यानावर साधा स्कॅनर होता, ५०० प्रकाशसेकंदांपलीकडे आंधळा. मोठा घ्यायचा तर १५,४५,००० क्रेडिट, आणि माझी कमाई माल वाहून होणारी. तेव्हा आम्ही यान आडवं पळवायचो आणि खिडकीबाहेर बघत बसायचो. तारे जागचे हलत नाहीत. जवळचा ग्रह असेल तर तो ठिपका त्यांच्यामधून सरकतो. स्कॅनर घेतला त्या दिवसापासून मी खिडकीबाहेर बघणं सोडून दिलं होतं, आणि त्याचं काही वाटलंही नव्हतं.

परवा रविवारी लेकीला शेजारी बसवलं. भोंगा नाही, काटा नाही. यान आडवं सोडलं आणि दोघी बघत बसलो. वीसेक मिनिटं काही नाही. ती कंटाळून उठणार तेवढ्यात स्क्रीनला नाक लावून म्हणाली, "आई, हा हलतोय."

गेलो. बर्फाचा गोळा होता. आतून आजी म्हणाली, "आज भोंगा नाही वाजला गं? सुट्टी काय?"