शेवटच्या दोन मिनिटांनी गिळलेला सामना

२० डिसेंबर २०१५ च्या रात्री गोव्यातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर माझ्या शेजारी बसलेल्या एका वयस्क गृहस्थांच्या हातात शेंगदाण्यांची पुडी होती. मध्यंतरात घेतलेली ती पुडी सामना संपला तरी त्यांनी उघडली नव्हती. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता, समोर चेन्नईयिन होते आणि ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर केलेल्या गोलमुळे एफसी गोवा २-१ ने पुढे होता. आम्ही सगळे उभे राहून ओरडत होतो. नव्वदाव्या मिनिटाला चेंडू आमचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्याकडून आमच्याच जाळ्यात गेला, भरपाई वेळेत मेंडोझाने तिसरा गोल केला आणि करंडक चेन्नईला गेला. ते गृहस्थ पुडी तशीच खिशात घालून, कोणाशीही न बोलता, पायऱ्या उतरून निघून गेले. मी आणि माझा मित्र फोंड्याला परतताना बोरीच्या पुलापर्यंत एक शब्दही बोललो नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षे त्या सामन्याचा विषय निघाला की माझ्या तोंडी पहिले नाव कट्टीमनीचे येई, आणि ते रागानेच येई. टाळेबंदीच्या दिवसांत मी तो सामना पुन्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला तेव्हा मला माझीच लाज वाटली. चेन्नईला त्या सामन्यात दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. पहिली पेलिसारीने मारली, कट्टीमनीने ती अडवली, पण परत आलेला चेंडू पेलिसारीनेच जाळ्यात टाकला. चार मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली आणि त्यानंतर मेंडोझाने मारलेली दुसरी पेनल्टीही कट्टीमनीने अडवली. तो चेंडू आत गेला असता तर ८७व्या मिनिटाला आघाडी घेण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. ज्या माणसाने आम्हाला त्या सामन्यात जिवंत ठेवले होते, त्याच्या नावावर आम्ही फक्त तो स्वयंगोल लिहून ठेवला होता. पाच दिवसांपूर्वी याच मैदानावर दिल्लीविरुद्धची एका गोलची पिछाडी आम्ही ३-० ने पुसून काढली होती, आणि त्या संध्याकाळीही गोलपोस्टखाली तोच उभा होता, हे तर मी पार विसरून गेलो होतो.

पडझडीचे हेच मला सर्वांत क्रूर वाटते. ती केवळ निकाल बदलत नाही, तिच्या आधी जे घडले तेही गिळून टाकते.

२४ एप्रिल २०२४ चा सामना त्याहून जिव्हारी लागला, कारण तिथे पडझड एकाच्या हातून झाली नाही. मुंबई सिटीविरुद्धच्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांमुळे आपण २-० ने पुढे होतो आणि ही आघाडी नव्वदाव्या मिनिटापर्यंत टिकली होती. मग मुंबईचा छांगटे, लगेच विक्रम प्रताप सिंग आणि सहा मिनिटांच्या भरपाई वेळेच्या अगदी टोकाला पुन्हा छांगटे. साधारण सात मिनिटांत तीन गोल झाले. मी त्या दिवशी पूर्वेकडच्या स्टँडमध्ये होतो आणि मला आठवते ते असे, की शेवटची पाच-सात मिनिटे उरली असताना स्टेडियमचा आवाज बदलला. गाणी थांबून लोक घड्याळ पाहू लागले, गाड्यांच्या गर्दीत अडकू नये म्हणून काही कुटुंबे दाराकडे निघाली. मैदानावरही तसेच घडत असते. आघाडीवर असलेला संघ नकळत दहा-पंधरा पावले मागे सरकतो आणि पुढे चेंडू धरून ठेवायला कोणी उरत नाही, त्यामुळे बचावपटूने लांब मारलेला चेंडू क्षणात परत येतो. थकलेल्या पायांना तीच धावपळ पुन्हा करावी लागते. पहिला गोल झाला की मागचा संघ धावत सुटतो आणि पुढचा संघ विचार करू लागतो. पाच दिवसांनी मुंबईत आपण २-० ने हरलो, पण खरे तर ती उपांत्य फेरी त्या सात मिनिटांतच निसटली होती.

छांगटेचे नाव फातोर्ड्याला आधीपासून ठाऊक होते. मार्च २०२० मध्ये तो चेन्नईयिनकडून खेळत होता. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात चेन्नईत ४-१ ने मार खाऊन आलेल्या गोव्याच्या खात्यात इथे पहिल्या एकवीस मिनिटांत दोन गोल जमा झाले होते आणि आणखी एका गोलवर अंतिम फेरी उभी होती. दुसऱ्या सत्रात छांगटे आणि वाल्स्किस यांनी गोल केले आणि आम्ही मान खाली घातली. पण संघाने घातली नाही. ८१व्या मिनिटाला एदू बेदिया आणि ८३व्या मिनिटाला मोर्तदा फॉल यांनी गोल करून सामना ४-२ ने जिंकला. एकूण गोलसंख्या ६-५ झाली आणि आम्ही बाहेर पडलो. हा पुनरागमनाचा प्रयत्न अपुरा ठरला म्हणून कोणी त्याच्या गोष्टी सांगत नाही, पण मला विचाराल तर मी फातोर्ड्यावर पाहिलेल्या सामन्यांत तोच सर्वांत वर ठेवीन.

विसरणे केवळ पराभवाच्या वाट्याला येते असे नाही. आमच्या घरी बाबांमुळे क्रिकेटची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाई, ती मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंची. फेब्रुवारी १९७१, किंग्स्टनचा सबाइना पार्क, भारत ५ बाद ७५. तिथून सरदेसाईंनी २१२ धावा केल्या, भारत ३८७ पर्यंत पोहोचला आणि वेस्ट इंडीजला २१७ धावांत गुंडाळले. पहिला दिवस पावसात वाहून गेल्यामुळे फॉलोऑनची मर्यादा १५० धावांवर आली होती, म्हणून कर्णधार अजित वाडेकरांनी जाऊन वेस्ट इंडीजचे कर्णधार सोबर्स यांना पुन्हा फलंदाजीला यायला सांगितले. मालिका भारताने १-० ने जिंकली आणि सरदेसाईंनी तिच्यात ६४२ धावा काढल्या. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती, त्यामुळे बाबांच्या आवाजात ती गोष्ट सांगताना जो अभिमान असे तो मला आजही ऐकू येतो.

मात्र त्या गोष्टीत एकनाथ सोलकर जवळजवळ नसायचाच. सरदेसाईंबरोबर सहाव्या गड्यासाठी १३७ धावा जोडणारा, स्वतः ६१ धावा काढणारा तो तरुण दुसऱ्या टोकाला उभा राहिला नसता तर ७५ नंतर डाव शंभरीत आटोपला असता. मी मोठा झाल्यावर हे बाबांना म्हणालो, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खरे आहे, सोलकर होता म्हणून." त्यानंतर ते ती गोष्ट सोलकरसकट सांगू लागले.

माझा भाचा आता बारा वर्षांचा आहे आणि माझ्याबरोबर फातोर्ड्याला येतो. मागच्या महिन्यात त्याने मोबाइलवर २०१५ चा अंतिम सामना शोधून काढला आणि शेवटची पाच मिनिटे लावून मला विचारले, "मामा, ह्याच्यामुळे आपण हरलो ना?" मी त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि चित्रफीत मागे नेली. मेंडोझा चेंडू ठेवतो, चार पावले मागे जातो, स्टेडियम गप्प होते. कट्टीमनी झेपावतो आणि चेंडू अडवतो. भाच्याने तो क्षण पुन्हा लावला, आणि मग पुन्हा एकदा.