खाचरातला गॅस आणि तात्यांचा सौदा

आमच्या जिवाणूंना साखर लागत नाही, पेप्टोन (जिवाणूंना घालायचं प्रथिनांचं तयार खाणं) लागत नाही. पाण्यात थोडे क्षार, अगदी नखभर तांबं आणि वर हवेत मिसळलेला मिथेन, झालं जेवण. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं हे मिथेन खाणारे जिवाणू, म्हणजे मिथेनोट्रॉफ, वाढवते आहे. नातेवाइकांना हे काम समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. पण ज्यांच्या खाचरातून चिखल आणायचा त्यांना टाळता येत नाही, आणि एका जूनमध्ये त्यांच्यातले एक जण थेट प्रयोगशाळेतच येऊन उभे राहिले.

मुळशीतले तात्या. इंद्रायणी लावतात, घरापुरता आंबेमोहर. आदल्या हंगामात आम्ही त्यांच्या खाचरात अॅक्रिलिकच्या पेट्या मांडून वायूचे नमुने घेतले होते, मुळांजवळची माती आणली होती. भाताची रोपं टाकून झाली होती, लावणीला अवकाश होता, मुलाच्या कामासाठी पुण्यात आले ते जाता जाता इकडे वळले. दारात चपला काढल्या. त्यांना त्या परत घालायला लावल्या. त्यांच्या बांधावर आम्ही बूट काढून चिखलात उतरतो, इथे मात्र अनवाणी चालत नाही. खिशातली विडी खिशातच ठेवायला सांगितली. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असला की एक ठिणगी पुरते.

"ताई, वर्षभर माती नेली. काय निघालं ते तरी दावा."

मी मिथेनपासून सुरुवात केली. खाचरात पाणी साचलं की चिखलात ऑक्सिजन उरत नाही, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून मिथेन तयार होतो... "म्हणजे गोबरगॅसच की!" तात्यांनी मला मध्येच थांबवलं. अगदी तोच. त्यातला बराचसा भाताच्या रोपातल्या पोकळ नळ्यांतूनच वर हवेत जातो. त्याच नळ्यांतून हवेतला ऑक्सिजन खाली मुळांशी उतरतो, आणि तिथे, जिथे दोन्ही मिळतं, आमचे जिवाणू बसलेले असतात. निघणाऱ्या गॅसचा काही भाग ते वाटेतच फस्त करतात.

"खातात हे कळतं कसं? तोंडं तर दिसत नाहीत."

इन्क्युबेटरमधून दोन बाटल्या काढल्या. जाड काचेच्या, रबरी बुचाच्या, वर अॅल्युमिनियमचं टोपण आवळलेल्या. दोन्हींत त्यांच्याच मातीतून वेगळे केलेले जिवाणू. एकीत मिथेन भरलेला, दुसरीत नुसती हवा. दुसरीतलं पाणी नितळ होतं. पहिलीतलं गढूळ, फिकट गुलाबी. मी रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या अर्ध्यावर ओढला आणि पहिल्या बाटलीच्या बुचात सुई खुपसली. दट्ट्याला कोणी हात लावला नव्हता. तो सरसर आत गेला आणि तळाला जाऊन टेकला.

तात्या मागे सरकले. मग म्हणाले, "परत करा." मी सिरिंज त्यांच्या हातात दिली. तशाच भरलेल्या आणखी एका बाटलीत त्यांनी स्वतः सुई घातली, आणि दट्ट्या ओढला जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून माझे दोन विद्यार्थी हातातलं काम सोडून तिथे आले. हिशेब साधा आहे. मिथेनचा एक रेणू जाळायला ऑक्सिजनचे दोन लागतात; तीन रेणू संपतात आणि वायू म्हणून परत येतो तो फार तर कार्बन डायऑक्साइडचा एक. बाकीचं पाणी होतं, काही कार्बन जिवाणूंच्या अंगी लागतो. बाटलीत पोकळी तयार होते. गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मिथेनचा आलेख खाली येताना मी इतकी वर्षं बघते आहे, पण खरं सांगायचं तर मलाही विश्वास त्या दट्ट्यामुळेच बसतो.

"आणि ही हवेची बाटली कशाला?"

जिवाणू दुसरंच काही खाऊन वाढत नाहीत ना, हे बघायला. ही शंका फुकाची नाही. मिथेनोट्रॉफकडून थोडं मिथेनॉल बाहेर गळतं आणि त्यावर जगणारे दुसरे जिवाणू लग्नाच्या पंगतीत आगंतुक बसावेत तसे येऊन बसतात. त्यांना उठवण्यात महिने जातात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये सोंगेन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी 1906 साली पहिला मिथेनोट्रॉफ वेगळा केला, तेव्हापासून हा ताप चालू आहे.

सूक्ष्मदर्शकात तात्यांनी फार रस घेतला नाही. गोल, आखूड ठिपके. मीही त्यांच्या जागी असते तर कंटाळले असते. त्यांच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं.

"मग युरियानं हे मरत असतील?"

हा प्रश्न मी परिसंवादांत ऐकलेल्या निम्म्या प्रश्नांपेक्षा चांगला होता. अमोनियाचा रेणू मिथेनसारखाच लहान, त्यामुळे मिथेन पकडणारं विकर फसतं आणि अमोनियाच धरून बसतं. म्हणून खतानं मिथेन खाणं मंदावतं, असंच बराच काळ मानलं जाई. 2000 साली 'नेचर'मध्ये जर्मनी-नेदरलँड्सच्या संशोधकांनी भाताच्या मुळांभोवती याच्या उलट दाखवलं: अमोनियमयुक्त खत घातल्यावर मिथेन खाणं वाढलं, कारण वाढायला जिवाणूंनाही नत्र लागतं आणि भात ते आधीच ओढून घेतो. तात्या तर चारसूत्री या भातलावणीच्या सुधारित पद्धतीनं लावतात. गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवतात, म्हणजे मिथेन तयार करणाऱ्यांना मेजवानी. आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. एवढ्या खोल, मुळांच्या शेजारी ठेवलेल्या गोळीनं नेमकं काय होतं, हे पुस्तक उघडून सांगता येणार नव्हतं.

मधूनच खाचर वाळवलं तर मिथेन जवळपास निम्म्यानं घटतो, हेही मी सांगितलं. तात्या हसले. "ऑगस्टात, मुळशीत? ज्यानं हे लिहिलं त्याला म्हणावं आधी पाऊस थांबव."

निघताना जिन्यात थांबले. "एका खाचरात गोळ्या घालतो, शेजारच्यात नाही घालत. तुमच्या दोन बाटल्यांसारखं. बघा काय दिसतंय ते. पण बिनगोळीच्या खाचराचं भात कमी उतरलं, तर तेवढं भरून द्यायचं."

मी लगेच हो म्हणाले. लेखा विभागाला पत्रही लिहिलं. प्रकल्पाच्या खर्चात रसायनं आहेत, प्रवास आहे, काचसामान आहे. भाताची भरपाई कोणत्या शीर्षाखाली टाकायची, असा त्यांचा उलट प्रश्न आला आहे.