गेटपाससाठी काढलेली डब्ल्यूसी पॉलिसी

माझं फॅब्रिकेशनचं छोटं काम आहे चाकणला, शेड, रेलिंग, प्लॅटफॉर्म असलं. माणसं सहा, वेल्डर फिटर हेल्पर मिळून. २०२३ मधे एका कंपनीत शेडचं काम लागलं आणि सेफ्टीवाल्याने सांगितलं, डब्ल्यूसी पॉलिसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर अपघात झाला तर कामगाराच्या भरपाईचा विमा) दाखवल्याशिवाय एकालाही गेटपास नाही. मग काय, एजंटला फोन. तो म्हणाला "साहेब, पगार कमी दाखवू, प्रीमियम कमी बसेल", मी म्हटलं दाखव, मला फक्त कागद पाहिजे. कागद आला, गेटपास झाले, मी ती पॉलिसी उघडूनसुद्धा बघितली नाही.

शेवटी कलरचं काम राहिलं होतं ते एका ओळखीच्या पेंटरला दिलं, त्याच्याकडे कामाला दोन पोरं. त्यातला एकजण शिडीवरून पडला. वय ३०, मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. हॉस्पिटलमधूनच एजंटला फोन केला, तर तो विचारतो "हा तुमच्या मस्टरवर आहे का?" नव्हता. पॉलिसीत फक्त माझे सहाजण, वेल्डर-हेल्पर म्हणून. सब-काँट्रॅक्टरची माणसं वेगळी दाखवायची असतात, हे तेव्हा कळलं. पेंटर तर हात वर करूनच मोकळा.

मला वाटलं माझा काय संबंध, माणूस पेंटरचा. ओळखीच्या लेबर कन्सल्टंटकडे गेलो, त्यांनी तेव्हा लागू असलेला १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा दाखवला, कलम १२. आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी त्याच्या माणसाची भरपाई आपल्याकडे मागता येत होती, आपण नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. पेंटरकडून वसूल, म्हणजे झालंच! ईएसआयसीत (सरकारी कामगार विमा योजनेत) असता तर भरपाई तिकडून आली असती, पण त्याला १० माणसं लागतात, आमची तेवढी कुठली.

मग हिशोब. रोज ७०० म्हणजे २६ दिवसांचे १८,२०० होतात, पण त्या कायद्यात पगार १५,००० पर्यंतच धरायचे (२०२० पासून, आधी ८,००० होता). तात्पुरतं कामावर येता येत नसेल तर त्याच्या २५ टक्के, दर पंधरवड्याला, म्हणजे ३,७५०. दोन महिने तो घरी होता, १५,००० झाले. दवाखान्याचं बिल वेगळं, ६२ हजार, तेही कायद्याने मालकाच्याच गळ्यात. सगळं खिशातून गेलं. तिथेच बसून मी विचारलं की समजा पोरगा गेला असता तर? त्यांनी कॅल्क्युलेटर काढला, ३० वयाला कायद्याच्या तक्त्यातला फॅक्टर २०७.९८, गुणिले पगाराचा निम्मा म्हणजे ७,५००. पंधरा लाख एकोणसाठ हजार आठशे पन्नास. महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड, आणि हे व्याज-दंड साधारणपणे पॉलिसीत येत नाही. त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

पुढच्या वर्षी रिन्यूअलला मी स्वतः बसलो. खरा पगार टाकला, कामाचं वर्णन नीट लिहिलं, उंचीवरचं काम पण. सब-काँट्रॅक्टरच्या माणसांचं कव्हर घेतलं, मेडिकलचं एक्स्टेंशन घेतलं, कारण साध्या पॉलिसीत दवाखान्याचा खर्च येतच नाही (हे एजंट सांगत नाहीत, विचारावं लागतं). प्रीमियम वाढला, एजंटचं तोंड वाकडं झालं, असू दे.

आता पेंटर असो की प्लंबर, कामाला लावायच्या आधी पोरांची नावं, वय, रोज, आधार घेतो आणि मस्टरवर चढवतो. परवा तोच पेंटर भेटला, म्हणाला "शेठ, तुम्ही लई कागदं मागता हल्ली." मी म्हटलं, भाऊ, बिलातून कापू का मग ते ६२ हजार?